पत्राची वाट बघताना
(येवला येथील स्त्रियांच्या बैठकीतील भाषण)

मैत्रिणींनो, कामगार कायदा सांगायला मी उभी आहे, आणि माझीच नोकरी जाते आहे. आमच्या संस्थेत सहा महिने 'पुनर्रचना' चालू आहे. २०२० मध्ये परदेशी देणगीतून करायच्या प्रशासनखर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. आमच्याकडे कात्री लागली ती पगारांना. यादी तयार आहे म्हणतात, पत्र मात्र येत नाही. पुढच्या महिन्याच्या बैठका मी ठरवते, त्या घेणार कोण ते ठाऊक नाही.

कपात झाली तर नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, हे आपण इतरांना शिकवले. धर्मादाय संस्थाही 'उद्योग' ठरू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये म्हटले होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने प्रामुख्याने समाजसेवा करणाऱ्या संस्था त्या व्याख्येतून वगळल्या. म्हणजे सेवा करणारीचे काम हे कामच नव्हे!

तुम्हांला यात नवे काय? पैठणीच्या कांड्या तुम्ही भरता, मजुरी घरधन्याच्या नावावर. माग बंद पडला तर तुम्हांला पत्र कोण देणार? परवा इथल्याच एक मावशी म्हणाल्या, "तुला निदान वाट तरी बघता येते." मला उत्तर सुचले नाही.

यादीचे निकष आम्ही लेखी मागितले आहेत. सातजणींपैकी सह्या पाचजणींच्या. उरलेल्या दोघींना आज संध्याकाळी भेटायचे आहे.