धाग्याची नळी आणि रक्ताची नळी



रक्तवाहिन्यांवर बोलायला यंत्रमाग कामगारांच्या संघटनेतला माणूस कशाला, असे आपणांस वाटले असेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयातले. पण या शास्त्राचे एक टोक आमच्या मागाशी बांधलेले आहे. १९५० नंतरच्या दशकात ह्यूस्टनचे शल्यविशारद मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या शिवणयंत्रावर शिवून फुगलेल्या महारोहिणीच्या जागी बसवल्या. त्या टिकल्या.

सुमारे सहा मिलिमीटरहून बारीक वाहिनीत मात्र कापड हरते. आपल्या धमनीला आतून जिवंत पेशींचे अस्तर असते. ते रक्त गोठू देत नाही. कापडाला असले अस्तर कोठून येणार? म्हणून हृदयाला जोड द्यायची तर डॉक्टर आजही बहुधा रोग्याच्याच पायातली शीर काढतात. आता बारा-बारा तास मागापुढे उभे राहून ज्यांच्या पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी उठल्या, त्यांनी कोणती शीर द्यावी? असे सोबती आमच्या संघटनेत पुष्कळ आहेत.

यावर तोड म्हणून वाहिनीच पिकवायची, असे शास्त्रज्ञांनी मनावर घेतले. १९८६ साली वाइनबर्ग आणि बेल यांनी कोलॅजेन व पेशी यांची नळी केली, पण ती इतकी लेची की बळकटीला डेक्रॉनची जाळी लागलीच! १९९९ साली लॉरा निकलसन यांनी विरघळणाऱ्या टाक्यांच्या द्रव्याची जाळी घेतली, तीवर पेशी पेरल्या आणि नाडीसारखे ठोके देत आठवडेच्या आठवडे वाढवल्या. जाळी विरत गेली, पेशींनी विणलेली भिंत उरली. पुढे त्याच वाटेने, दात्याच्या पेशींवर वाढवून मग त्या पेशी धुऊन काढलेली नळी तयार झाली. म्हणजे ती कोणाही रोग्याला चालावी. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने तिला परवानगी दिली. तीही हातापायाची धमनी तुटली आणि रोग्याची स्वतःची शीर घेता येत नाही, एवढ्यापुरतीच. नळी फाटून जिवावरचा रक्तस्राव होऊ शकतो, असा इशाराही सोबत छापला आहे. हे झाकून ठेवणे बरे नव्हे.

फ्रान्समध्ये बोर्दो येथे तर पेशींनी केलेल्या पापुद्र्याचे धागे कातून त्यांची नळी चक्क विणली; ते काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. हे आम्ही एका मागवाल्याला सांगितले. तो पोटरी चोळत म्हणाला, "साहेब, आमच्या काळजाला ती कधी लागायची?"

परवानगी मिळालेली नळी सहा मिलिमीटरची. हृदयाच्या धमन्या तीन-चारच्या. अजून नाही, असे त्याला सांगावे लागले. मागापाशी टेकायला एक बाक असावा, ही मागणी आम्ही मालकांकडे तीनदा लेखी दिली आहे. बाक अजून आलेला नाही.