वानुआतूच्या बायकांचे क्रिकेट
(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्यावर किंवा गृहव्यवस्थेवर बोलावे असा आपला शिरस्ता. मी क्रिकेटवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. पण हा विषय खेळाचा थोडा आणि आपल्यासारख्या बायकांचा अधिक आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, दक्षिण पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा देश आहे. बेटे ऐंशीच्या वर आणि वस्ती अवघी तीन लाखांच्या आसपास. १९८० साली तो स्वतंत्र झाला. त्यापूर्वी तेथे इंग्रज आणि फ्रेंच यांचा एकत्र अंमल होता. क्रिकेट आले ते इंग्रजांबरोबर. राजधानी पोर्ट व्हिलाच्या शेजारी एक गाव आहे, त्याचे नाव मेले. नावावर जाऊ नका, क्रिकेट तेथे चांगले जिवंत आहे!

तेथील बायकांचा पेहराव म्हणजे मिशनरी लोकांच्या काळापासून चालत आलेला सैल, घोळदार, रंगीत झगा. बैठे काम आणि डबाबंद अन्न वाढले, तसे मधुमेह व रक्तदाब बायकांच्या मागे लागले. तेव्हा तेथील क्रिकेट संघटनेने गावोगावच्या बायकांसाठी क्रिकेटचा उपक्रम सुरू केला. चषक मिळवणे हा हेतू नव्हता. अंग हलावे, घाम यावा, चारचौघींत हसणेखेळणे व्हावे, एवढाच. मला यातली गोष्ट महत्त्वाची वाटते ती ही, की प्रौढ बाईने खेळण्यात काही वावगे नाही, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. आई मैदानात उतरली की मुलीला परवानगी मागावी लागत नाही.

आता मुलींच्या संघाकडे वळू. मार्च २०२३ मध्ये या देशाला दोन चक्रीवादळांनी पाठोपाठ झोडपले. त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्ट व्हिला येथे आसपासच्या सात देशांची स्पर्धा झाली. तीत वानुआतूच्या मुली पहिल्या आल्या आणि विश्वचषकाच्या पात्रता-स्पर्धेत त्यांना प्रथमच जागा मिळाली. पण पैसा कोठे होता? तयारीसाठी त्यांना लोकांपुढे हात पसरावा लागला. वर्गणी गोळा करणे म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको!

एप्रिल २०२४ मध्ये अबुधाबीला त्यांचा पहिला सामना झिंबाब्वेशी पडला. झिंबाब्वे हा कसोटी क्रिकेटच्या पंगतीतला देश. त्याचा डाव अवघ्या ६१ धावांत आटोपला. नासिमाना नवाइका या गोलंदाज मुलीने १३ धावांत चार बळी घेतले, आणि वानुआतूने सहा गडी राखून सामना जिंकला. पुढे उपान्त्य फेरी काही त्यांना गाठता आली नाही. पण तीन लाखांच्या देशाचे नाव त्या दिवशी जगाने घेतले.

भगिनींनो, २ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या मुलींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणे सोपे आहे. परंतु आपल्या वस्तीच्या मैदानावर संध्याकाळी दृष्टी टाका. मुलगे खेळतात, आणि त्याच वयाच्या मुली कडेने दळण घेऊन जातात. त्यांना कोणी मनाई केलेली नाही, हे खरे. पण त्यांना कोणी बोलावलेही नाही.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर मैदान मुलींसाठी मागून घ्यावे. एक बॅट, एक चेंडू मंडळाच्या खर्चातून सहज येईल. आणि पहिल्या दिवशी आपणही पदर खोचून उतरावे. चेंडू लागला नाही तरी चालेल. मुलींनी आपल्याला तेथे पाहिले पाहिजे.