शीट बरोबर आहे, असं मी म्हणालो

आज कोडिंग नाही, साबण. आठवडाभर मी पुण्यात स्क्रीनसमोर असतो आणि महिन्यातून एकदा कुडाळजवळच्या आमच्या गावी जातो. तिथल्या शाळेत नववीच्या मुलांबरोबर आम्ही साबण करतो. खोबरेल गावातल्याच घाण्यावरचं, गुंडाळायला जुन्या वहीचा कागद आणि केळीच्या सोपाची दोरी.

पहिल्याच खेपेला मुलांनी लेबलवर मोठ्या अक्षरात 'केमिकल-फ्री' लिहिलं. मी विचारलं, मग कॉस्टिक सोडा काय आहे? सोड्याशिवाय साबण होतच नाही. प्रमाण बरोबर असेल तर सगळा सोडा तेलात मुरतो, साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. लेबल बदललं. आणि नैसर्गिक आहे म्हणून व्हाळात बसून फेस करायचा नाही, माशांना तोही त्रासच. न्हाणीचं पाणी केळीला, हे तर आमच्या आज्या करतच होत्या.

आता माझी गंमत ऐका. म्हणजे तेव्हा गंमत नव्हती.

दुसऱ्या खेपेला मी ऐटीत एक्सेल शीट करून नेली. तेल टाका, सोडा किती ते येईल. २ किलो तेल होतं. गॉगल, हातमोजे घालून पाण्यात सोडा टाकायचं चाललं होतं (सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळतं). तेवढ्यात एक मुलगी वही घेऊन आली.

"दादा, मागच्या वेळी किलोला १७४ ग्रॅम होता. आज २४४ कसा?"

"अगं, शीट बरोबर आहे."

चार आठवड्यांनी वड्या कापल्या तर चुरा व्हायला लागला, वर पांढरी भुकटी. शीट उघडली. तक्त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा कॉलम घेतला होता मी. किलोमागे साठेक ग्रॅम सोडा तसाच मोकळा. हा साबण कुणी अंगाला लावला असता तर कातडी भाजली असती. आणि शाळेचा मेळावा दोन दिवसांवर!

मुलांना सगळं सांगितलं. एकजण हळूच म्हणाला, "भांडी घासायला म्हणून विकूया?" वर्गात पाच मिनिटं भांडण. शेवटी नाही ठरलं. हातमोजे घालून सगळा साबण किसला, थोडं पाणी आणि आणखी ७०० ग्रॅम खोबरेल घालून स्टीलच्या टोपात मंद आचेवर शिजवला. ॲल्युमिनियमचं भांडं सोडा खातो, म्हणून स्टील. आमचा पसारा मेळाव्यापुरता होता, आणि तिथे आमचं टेबल रिकामं.

जादा तेलाचे पैसे मी देतो म्हटलं. वहीवाली म्हणाली, "दिलात तरी खर्चात लिहायचे. नाहीतर वडीची किंमत चुकीची येईल."

वहीत आजही ती ओळ आहे: 'जादा तेल, ७०० ग्रॅम. कारण: दादांची शीट.'