झोत चुकलेल्या पल्सारांची शिरगणती

नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी ही ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आधीपासूनच पल्सार, म्हणजे वेगाने गरगरणारे न्यूट्रॉन तारे, शोधते आहे. जगभरात असे साडेतीन हजारांहून अधिक तारे सापडले आहेत. पण ही गणती अपुरी आहे. रात्री शिवारात कोणी बॅटरी फिरवत असेल, तर झोत आपल्यावर आला तरच ती डोळ्यांत भरते. पल्सारचेही तसेच आहे. ज्याचा रेडिओझोत पृथ्वीला चुकतो, तो रेडिओ दुर्बिणींच्या यादीत येत नाही. अशा ताऱ्यांचा माग त्यांच्याभोवतीच्या अतिऊर्जावान गॅमा किरणांच्या खळ्यावरून काढता येईल, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा मिथुन तारकासमूहातल्या गेमिंगाचा. सुमारे ८०० प्रकाशवर्षांवरचा हा पल्सार सेकंदाला चारदा फिरतो, पण रेडिओवर जवळजवळ मुका आहे. मेक्सिकोच्या डोंगरावर पाण्याच्या ३०० टाक्या मांडून उभारलेल्या हॉक वेधशाळेने २०१७ मध्ये त्याच्याभोवतीचे खळे मोजले. ते पूर्णचंद्राच्या कित्येक पट रुंद भरले. पल्सारपासून निसटलेले इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अवकाशभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींच्या फोटॉनांवर आदळतात आणि त्यांना गॅमा किरणांइतकी ऊर्जा देतात. हे कण तिथे नेहमीपेक्षा सुमारे शंभरपट संथ पसरतात, म्हणून खळे विरून न जाता ताऱ्याभोवती टिकते. ते सर्व दिशांना उजळते. झोत आपल्याकडे वळण्याची गरज उरत नाही.

कोणी म्हणेल, हे खळे ताऱ्याच्या जुन्या स्फोटाचा अवशेष कशावरून नसेल? पण एवढ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन काही हजार वर्षांतच थकतात आणि गेमिंगाचे वय तीन लाख वर्षांच्या पुढे आहे. म्हणजे तो तारा आजही कण पुरवतो आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रोटॉन वायूच्या ढगांवर आदळले तरी गॅमा किरण निघतात, मग अनोळखी डागामागे पल्सारच आहे हे कसे ठरवायचे? एकट्या डागावरून ते ठरत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण प्रोटॉनांची चमक वायूच्या नकाशाशी जुळते, तर पल्सारचे खळे मध्याकडून बाहेर फिकट होत जाते. शिवाय मध्यभागी क्ष-किरणांचा स्रोत सापडला, तर दावा बळकट होतो. म्हणून खळे हा निकाल नव्हे, कुठे शोधायचे याचा पत्ता आहे.

खळ्याप्रमाणेच गुरुत्वीय लहरीही रेडिओसारख्या अरुंद झोतात बांधलेल्या नसतात. पल्सारच्या सलग लहरी अजून कोणालाच सापडलेल्या नाहीत. औंढ्याची वेधशाळा सुरू झाली की त्या शोधात मराठवाडाही उतरेल. तोवर आपली यादी ही सगळ्या पल्सारांची नव्हे, आपल्याकडे वळलेल्यांची आहे, एवढे ध्यानात ठेवावे.