हात दाखवा, गाडी थांबवा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



शाळेत असताना मी एकदाच भाषणाला उभी राहिले होते, टिळक पुण्यतिथीला, आणि दुसऱ्याच परिच्छेदाला विसरले होते. म्हणून आज कागद हातात घेऊन आले आहे. संयोजकांनी सांगितलं, "तू अलास्काला जाऊन आलीस, त्याच्यावर बोल. आपल्या बॅचला पन्नाशीची ट्रिप करायची आहे." तेव्हा काय पाहायचं आणि कसं जायचं ते सांगते. मध्ये थोडं घरचंही येईल.

भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून वरच्या बाजूला 'टुंड्रा' आणि त्याखाली 'सूचिपर्णी वने' असं लिहिलं होतं. मी ते पाच गुणांसाठी पाठ केलं. त्या दोन पट्ट्यांच्या सीमेवर जाऊन उभी राहीन, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

अलास्का आपल्या महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं आहे, आणि लोकवस्ती साडेसात लाखांच्याही आत. रस्ते मोजकेच. राज्याची राजधानी जुनो, पण तिथे बाहेरून रस्ताच जात नाही. बोटीने जा, नाहीतर विमानाने. १९६३ पासून सरकारी बोटी चालतात आणि त्या जलमार्गाला तिथे चक्क 'हायवे' म्हणतात. गाडी बोटीत चढवायची आणि पुढच्या गावाला उतरवायची. अँकरेज शहरात लेक हूड नावाचा तलाव आहे, तिथे पाण्यावर उतरणारी विमानं आपल्याकडच्या स्टँडवर रिक्षा असाव्यात तशी रांगेने उभी असतात. उत्तरेला डाल्टन हायवे आहे, ६६६ किलोमीटरचा. १९७४ मध्ये तेलाच्या पाइपलाइनसाठी बांधला. त्यावर कोल्डफूटच्या पुढे जवळजवळ ३८५ किलोमीटर पेट्रोल पंप नाही. हौशी ड्रायव्हर मंडळींनी ते ऐकून ठेवावं आणि विसरावं.

आपल्यासारख्यांनी जावं ते देनालीला. उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर, ६,१९० मीटर. त्याच्याभोवती १९१७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, ते मुळात डॉल नावाच्या पांढऱ्या रानमेंढ्या शिकारीपासून वाचवाव्यात म्हणून. अँकरेजहून मोटारीने चार-पाच तास. पण आगगाडीने जा. साडेसात तास लागतात, आणि त्यातला एकही वाया जात नाही.

आता घरचं. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी निम्म्यांचे पास त्यांनी तपासले आहेत, आणि काहींना विसरलेल्या पासासकट शाळेत पोचवलं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांना गावाला पोचवलं, स्वतः पंढरपूरच्या पलीकडे गेले नाहीत. मी सिएटलला नोकरीला लागल्यावर म्हणायचे, "एकदा येतो तुझ्याकडे." मी म्हणायचे, पुढच्या वर्षी, हे रिलीज झालं की. असं दोनदा म्हटलं. तिसरी वेळ आली नाही.

म्हणून आईला मात्र घेऊन गेले. वय एकाहत्तर, गुडघे दुखतात. भाऊ म्हणाला, "ताई, जंगलात कसली नेतेस तिला? तुझ्या समाधानासाठी तिचे हाल." त्याचं अगदीच चूक नव्हतं. मलाही ती धास्ती होती.

पण देनालीत गंमत अशी की आत जायला रस्ता एकच, १४८ किलोमीटरचा, बराचसा कच्चा. त्यातले पहिले २४ किलोमीटरच खासगी गाडीला परवानगी. पुढे सगळ्यांनी बसने जायचं. १९७२ पासून हा नियम आहे. अँकरेजकडून थेट हायवे झाला, आता गर्दी लोटणार हे ओळखून त्यांनी आधीच ठरवलं. त्यामुळे झालं असं, की लांडगे आणि अस्वलं रस्त्याच्या कडेला निवांत हिंडतात; आणि ज्यांना पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढता येत नाही, त्यांनाही ते खिडकीतून दिसतात. माझ्या आईसाठी हीच एक वाट होती.

बस दोन प्रकारच्या. एकीत माहिती सांगतात. दुसरी साधी: कुठेही उतरा, पायी हिंडा, आणि मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर हात करून चढा. आत हॉटेल नाही, चहा नाही. डबा आपला आपण न्यायचा. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. बसमध्ये बसल्यावर इकडेतिकडे बघून म्हणाली, "ही तर आपली यष्टीच की गं! फक्त घंटीची दोरी नाही."

दोरीचं काम तोंडाने करायचं असतं. ज्याला प्राणी दिसेल त्याने 'स्टॉप' म्हणून ओरडायचं. तासाभराने आईच ओरडली, "थांबवा, थांबवा!" ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण ब्रेक लागला. उतारावर एक मादी अस्वल आणि दोन पिल्लं ब्लूबेरीची झुडपं ओरबाडत होती. पूर्ण बस चिडीचूप. कंडक्टरच्या बायकोचा रुबाब मी त्या दिवशी पाहिला.

शिखर मात्र दिसलं नाही. तिथे येणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकालाच ते दिसतं, बाकीच्यांना ढग. मी सवयीप्रमाणे तासातासाचं एक्सेल शीट केलं होतं, त्यात ढगांचा रकाना नव्हता. दोन दिवस माझी चिडचिड चालली होती. आई म्हणाली, "डोंगर कुठं जातोय? आपणच आलो नि चाललो."

आणखी एक गोष्ट बाईंसाठी. आमची बस ६९ किलोमीटरवरूनच परत फिरली, कारण पुढे रस्ता खचला आहे. प्रिटी रॉक्स नावाच्या जागी डोंगराच्या पोटात कायम गोठलेली जमीन आहे. ती वितळू लागली आणि तिच्यावरचा रस्ता घसरू लागला. २०१८ मध्ये आठवड्याला काही इंच, २०२१ मध्ये तासाला अर्ध्या इंचाहून जास्त. त्याच ऑगस्टमध्ये पुढचा रस्ता बंद केला. मग तिथे पूल बांधायला घेतला. बाई, 'टुंड्राची जमीन बारमाही गोठलेली असते' हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं. तेव्हा तुम्ही गुण दिले होते. आता त्यापुढे एक ओळ लिहावी लागेल.

परतताना तलकीट्ना गावात दोन दिवस राहिलो. तिथून 'हरिकेन टर्न' नावाची छोटी गाडी जंगलात जाते. त्या बाजूला रुळाकाठी काही माणसं राहतात, त्यांच्या घरापर्यंत रस्ता नाही. स्टेशनही नाही. रुळाशेजारी उभं राहून कापड हलवायचं, गाडी थांबते. अशा गाड्या अमेरिकेत आता जवळजवळ उरल्या नाहीत. एके ठिकाणी एक म्हातारा कुत्रा आणि दोन खोकी घेऊन उभा होता. गाडी थांबली, गार्डने खोकी वर घेतली, कुत्र्याला नावाने हाक मारली.

आपल्या एसटीवर लिहिलेलं असायचं, 'हात दाखवा, गाडी थांबवा.' आई बराच वेळ खिडकीतून बघत होती. मग म्हणाली, "ह्यांना हे दाखवायला पाहिजे होतं." सगळ्या प्रवासात अण्णांचा विषय तिने तेवढा एकदाच काढला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आता ट्रिपचं. बस साधारण २० मे ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतात. जूनमध्ये रात्र जवळजवळ होतच नाही, पण डास फार. ऑगस्टअखेर उत्तम: झुडपं लाल होतात, डास कमी होतात, आणि फेअरबँक्सला रात्री आकाश निरभ्र असेल तर उत्तर ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. गरम कपडे न्या, पावसाचे तर न्याच. मोटार भाड्याने घेऊ नका. आगगाडी आणि बस पुरे. आणि घरात कोणी 'एकदा येतो' म्हणणारं असेल, तर त्यांचं तिकीट आधी काढा. गुडघ्यांचं कारण चालणार नाही. आई आज पहिल्या रांगेत बसली आहे, तिला विचारा.

ग्रुपवर गेली चार वर्षं 'नक्की करू या' चाललं आहे. मी शीट तयार केलं आहे, या वेळी ढगांच्या रकान्यासह. ज्यांना यायचं आहे त्यांनी आत्ताच हात दाखवा. गाडी थांबलेली आहे.