मापाचं हेल्मेट
(वर्धा येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



वर्ध्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे गेला की हेल्मेटचा विषय काढणं कठीण होतं. लोक विचारतात, "या उन्हात डोकं शिजवून घ्यायचं का?" हा प्रश्न उडवून लावू नये. हेल्मेट न घालणाऱ्याला बेफिकीर ठरवून आपण मोकळे होतो; पण मी कानाचा डॉक्टर आहे, माणसं काय सहन करतात ते ऐकणं हे माझं रोजचं काम. कपाळ ठणकतं, मान अवघडते, कानात घूं घूं होतं, घाम डोळ्यांत उतरतो. ही गाऱ्हाणी खरी आहेत. त्यातली निम्मीअधिक चुकीच्या मापातून आलेली असतात, असं माझं मत आहे.

हेल्मेट किती वाचवतं, याबद्दल आता वाद उरलेला नाही. जगभरातले अभ्यास एकत्र तपासून 2008 साली कॉक्रेन या संस्थेने जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. पण ते डोक्यावर असावं लागतं, आणि पट्टा लावलेला असावा लागतो. पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेलं हेल्मेट पोलिसांना दाखवण्यापुरतं.

तर माप. शिवणकामाची टेप घ्या, भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात बाहेर आला आहे तिथून फिरवा. येणारा आकडा सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा. मात्र आकड्यावर काम संपत नाही. कुणाचं डोकं गोल, कुणाचं पुढून मागे लांबट. बेळगावच्या वेगा कंपनीचं 58 आणि फरिदाबादच्या स्टड्स कंपनीचं 58 एकाच माणसाला सारखंच बसेल असं नाही, कारण साचे वेगळे. लांबट डोक्यावर गोल साच्याचं हेल्मेट चढवलं की कपाळाच्या मधोमध टोचतं आणि कानांच्या वर पोकळी राहते. म्हणून दुकानात ते घालून पंधरा-वीस मिनिटं उभं राहा. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल वळ दिसला, तर ते परत करा. गालांना घट्ट लागत असेल तर घाबरू नका. गालाकडचा स्पंज थोड्या दिवसांत बसतो, कपाळाकडचा कठीण थर्माकोल बसत नाही. हेल्मेट हातांनी डावी-उजवीकडे फिरवलं तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. मग पट्टा लावून मागची कड धरा आणि पुढे ओढून पाहा. निघून आलं, तर अपघातातही निघून येईल.

आता आपल्या भागातली खरी अडचण. विदर्भात आपण आधी दुपट्टा बांधतो, डोकं, कान, तोंड सगळं झाकून, आणि त्यावर हेल्मेट घालतो. उन्हापासून वाचायचं तर दुपट्टा हवाच. पण जाड दुपट्ट्याची मागे आलेली गाठ हेल्मेटला पुढे ढकलते, कड डोळ्यांवर येते, म्हणून माणूस एक माप मोठं घेतो. उन्हाळा संपतो, दुपट्टा सुटतो, आणि जूनपासून तेच हेल्मेट डोक्यावर हिंदकळत राहतं. माझा सल्ला असा: आत फक्त पातळ सुती टोपी किंवा एकेरी सुती कापड, गाठ नाही. दुपट्टा हेल्मेट घातल्यावर गळ्याभोवती, हनुवटीच्या खाली गुंडाळा आणि टोकं शर्टात नीट खोचा. सुटं टोक चाकात गेलं तर जीवावर बेततं.

गळ्याभोवतीच्या या दुपट्ट्याचा कानालाही उपयोग आहे. साधारण ताशी 60 किलोमीटरच्या पुढे मोटारसायकलच्या इंजिनापेक्षा वाऱ्याचाच आवाज कानात जास्त भरतो, आणि तो बराचसा हेल्मेटच्या खालच्या कडेशी, हनुवटी आणि मानेजवळ वारा घुसळला जातो तिथे तयार होतो. ती फट कापडाने भरली की घोंगावणं कमी होतं. सैल हेल्मेटमध्ये फट मोठी, म्हणून गोंगाटही मोठा. ताशी शंभराच्या आसपास हेल्मेटच्या आत 100 डेसिबलच्या घरात आवाज पोचतो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबल आठ तास चालतो, आणि दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. वर्ध्याहून नागपूर 75 किलोमीटरच्या आसपास. रोज जा-ये करणाऱ्या तरुणांनी हा हिशेब करावा. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. वेग कमी ठेवणं हा पहिला इलाज. महामार्गावर लांब जायचं असेल तर कानात मऊ फोमचे बोळे चालतात. गाणी वाजवणारे इअरफोन मात्र नकोत.

उकाड्यासाठी पुष्कळजण अर्धं, उघड्या तोंडाचं हेल्मेट घेतात. मला ते पटत नाही. जर्मनीत डीटमार ओटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागात आढळले. पूर्ण हेल्मेट घ्या, हलक्या रंगाचं, आणि घेताना आत डोकावून पाहा. कवचावर हवेची भोकं आहेत, पण आत थर्माकोलमध्ये त्यांना वाटच ठेवलेली नाही, असे नमुने विकले जातात. शिवाय ही भोकं गाडी पळत असतानाच काम करतात. इथल्या बजाज चौकात थांबलात की काच वर करा.

आयएसआय शिक्का पाहणं आलंच. 1 जून 2021 पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही. घरी आल्यावर ते गाडीच्या आरशावर अडकवू नका. दांडा आतल्या थर्माकोलला खड्डा पाडतो. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदला. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही.

शेवटी, मागे बसणाऱ्या बाईविषयी. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 पुढच्याला आणि मागच्याला सारखंच लागू आहे. घरात दुसरं हेल्मेट असतं, पण ते बहुधा नवऱ्याचं जुनं, 60 मापाचं. तिचं डोकं 55 किंवा 56 चं. वर अंबाडा असला की ते नुसतं टेकतं, बसत नाही. अंबाडा मानेपाशी खाली घ्यावा किंवा सैल वेणी घालावी, आणि तिच्यासाठी तिच्या मापाचं वेगळं हेल्मेट आणावं. दुकानात तिला बरोबर न्यावं. सेवाग्रामला, सावंगीला दवाखान्यात निघालेल्या कितीतरी जोडप्यांत पुढचा हेल्मेटमध्ये आणि मागची उघड्या डोक्याने दिसते.

आयोजकांनी दाराशी दोन टेपा ठेवल्या आहेत, एक बायकांसाठी, एक पुरुषांसाठी. जाताना आपापलं डोकं मोजून घ्या, आणि घरी असलेल्यांचं उद्या सकाळी मोजा.