काम थांबवायचे पैसे कोणाच्या खात्यावर?

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. एनर्जी कंपनीत कामगार, सेफ्टी आणि सप्लायर यांचा हिशोब कसा ठेवतात, हा विषय. पण दहा मिनिटं थांबा, कारण या हिशोबात माणसं आहेत.

मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आलो. तेल बघितलंय ते पेट्रोल पंपावर आणि कढईत. पण गेली दोन वर्षं आमची टीम एका ऊर्जा कंपनीसाठी व्हेंडर पोर्टल बनवतेय. नाव सांगणार नाही, एनडीए आहे. व्हेंडर पोर्टल म्हणजे कंपनीला माल किंवा माणसं पुरवणाऱ्या प्रत्येकाची नोंद. जीएसटी नंबर, पीएफची चलनं, विमा, आयएसओ सर्टिफिकेट, मागच्या कामांचे मार्क. डेटाबेसमध्ये एक व्हेंडर म्हणजे एक ओळ. आता गंमत बघा. त्या एका ओळीखाली तीनशे माणसं असू शकतात. त्या व्हेंडरने अर्धं काम पुढे दुसऱ्याला दिलेलं असतं, त्याने लेबर सप्लायरकडून माणसं घेतलेली असतात, सप्लायरने गावाकडच्या मुकादमाकडून. वेल्डर, फिटर, रिगर, हेल्पर. आमच्या पोर्टलला पहिली ओळ दिसते. फार तर दुसरी.

आता १७ मे २०२१ आठवा. तौक्ते चक्रीवादळ. पडलेली झाडं, गेलेली वीज अनेकांच्या लक्षात असेल. त्याच दिवशी मुंबईपासून सुमारे ७० किलोमीटरवर, हीरा तेलक्षेत्राजवळ, पी-३०५ नावाचा बार्ज बुडाला. पेपरांनी त्याला तराफा म्हटलं, पण लाकडी तराफा डोळ्यासमोर आणू नका. तो तरंगता लॉज होता. ओएनजीसीच्या प्लॅटफॉर्मवर काम करणारे लोक तिथे जेवायचे, झोपायचे. त्याला स्वतःच्या बळावर हलता येत नव्हतं. जायचं तर टगबोट हवी, नाहीतर नांगरांच्या भरवशावर उभं राहायचं. बार्जवर २६१ माणसं होती. त्याच वादळात बुडालेल्या वरप्रदा या टगवर १३. एकूण २७४. त्यातले १८८ वाचले, ८६ गेले. वाचले ते नौदलाच्या लोकांनी खवळलेल्या समुद्रातून एकेक करून उचलले म्हणून. काही मृतदेहांची ओळख पटवायला तर डीएनए चाचणी करावी लागली.

इथल्या ओळी मोजू. काम ओएनजीसीचं. कंत्राट अ‍ॅफकॉन्सकडे. बार्ज डरमास्ट एंटरप्रायझेसचा, अ‍ॅफकॉन्सने भाड्याने घेतलेला. बार्जवरच्या कामगारांत उपकंत्राटदारांची माणसंही होती. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. अ‍ॅफकॉन्सने नंतर जाहीर केलं, की १४ मेला आम्ही सगळ्या बोटींना सुरक्षित ठिकाणी जायला सांगितलं होतं, आणि बार्जची सागरी कामं ही त्याच्या मालकाची जबाबदारी. पी-३०५ प्लॅटफॉर्मपासून २०० मीटर लांब सरकला आणि तिथेच राहिला.

यात कोण दोषी हे मी इथे माइकसमोर बसून ठरवणार नाही. मला खटकतं ते "मालकाची जबाबदारी" हे शब्द. करारात ते अगदी बरोबर असतील. पण जबाबदारी एकेक पायरी खाली सरकते, तशी टगबोट खाली सरकते का? इशारा वाचून "बस, बंद करा" म्हणायचा अधिकार सरकतो का? आणि बंद ठेवलेल्या दिवसाचे पैसे?

पैशांचं जरा नीट सांगतो, कारण सेफ्टीच्या पोस्टरवर हे कधीच नसतं. समुद्रातल्या कामांत "वेटिंग ऑन वेदर" असा एक प्रकार असतो. बार्ज, टग, क्रेन सगळं रोजाच्या भाड्यावर. हवा बिघडली, काम बंद, पण मीटर चालू, सिग्नलला थांबलेल्या रिक्षासारखा. हे भाडं भरायचं कोणी? काही करारांत कंपनी स्टँडबाय रेट देते, म्हणजे थांबलेल्या दिवसाचा वेगळा, कमी दर. काहींत, विशेषतः ठोक रकमेच्या करारात, हवामानाची जोखीम कंत्राटदाराच्या गळ्यात. टेंडर लागतं एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी दरवाल्याला. मग थांबायचे दिवस मोकळ्या हाताने कोण धरेल? धरले तर टेंडरच हातचं जायचं. शिवाय आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्रातली बांधकामं जवळपास बंद असतात. त्यामुळे मे महिना आला की प्रत्येकाला उरलेलं काम उरकायची घाई. लग्नसराईच्या शेवटच्या मुहूर्तासारखं.

आमच्या पोर्टलवर "काम थांबवले" असा एक फॉर्म आहे. कारण निवडा: हवामान, मटेरियल, यंत्र बिघाड, असुरक्षित स्थिती. त्याखाली क्लायंटच्या फायनान्सवाल्यांनी एक रकाना मागितला होता, "खर्च कोणाच्या खात्यावर", आणि तो भरल्याशिवाय फॉर्म सबमिट होणार नाही अशी अट. डेमोला त्यांचे एक सेफ्टी ऑफिसर बसले होते, रिटायरमेंटला आलेले. इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "हा रकाना ठेवलात ना, तर कंत्राटदाराचा सुपरवायझर हा फॉर्म उघडणारच नाही. बाळा, त्याला संध्याकाळी त्याच्या शेठला तोंड दाखवायचंय." मीटिंगमध्ये कोणी काही बोललं नाही. माझ्या मते दोन वर्षांत त्या प्रोजेक्टवर बोललं गेलेलं सगळ्यात कामाचं वाक्य ते होतं.

आता जरा लांब जाऊ, उत्तर समुद्रात. कारण हीच गोष्ट तिथे एका चौकशीने पार सोलून काढली आहे. ६ जुलै १९८८, ऑक्सिडेंटल कंपनीचा पायपर अल्फा प्लॅटफॉर्म, स्कॉटलंडच्या अ‍ॅबरडीनपासून साधारण १९० किलोमीटर. १६७ माणसं गेली. त्या प्लॅटफॉर्मवरचे बहुतेक लोक कंत्राटदारांचे होते.

झालं असं. दोन कंडेन्सेट पंप होते, ए आणि बी. ए पंप दुरुस्तीसाठी बंद. त्याच्या लाइनवरचा प्रेशर सेफ्टी व्हॉल्व्ह एका कंत्राटी कंपनीच्या लोकांनी तपासणीसाठी काढलेला. संध्याकाळी सहापर्यंत तो परत बसला नाही, म्हणून उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज, म्हणजे लोखंडी झाकण, लावून ठेवलं. काम "परमिट टू वर्क" पद्धतीने चाललेलं. परमिट म्हणजे सही केलेला कागद, की या यंत्रावर माणूस काम करतोय, हात लावू नका. आपल्या भाषेत लॉक. पण पंपाच्या दुरुस्तीचं परमिट वेगळं आणि व्हॉल्व्हचं वेगळं. व्हॉल्व्हचं परमिट, काम अर्धवट आहे अशा नोंदीने, दुसऱ्याच ऑफिसात जाऊन पडलं. रात्री पावणेदहाच्या सुमारास बी पंप बंद पडला. कंट्रोल रूमवाल्यांना पंपाचं परमिट माहीत होतं, व्हॉल्व्हचं नाही. त्यांनी ए सुरू करायचा निर्णय घेतला. झाकणातून वायू गळला आणि दहाच्या आसपास पहिला स्फोट झाला.

आपल्यासारख्या कोडवाल्यांना हे लगेच कळतं. एकाच वस्तूवर दोन लॉक, दोन वेगळ्या टेबलांत, आणि एकमेकांचा पत्ता नाही. पण सिस्टिमच्या पलीकडची गोष्ट अशी, की व्हॉल्व्हचं काम बघणाऱ्या कंत्राटी सुपरवायझरला त्या परमिट पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. बाहेरचा माणूस ना तो!

आणि पुढचं तर अंगावर येतं. टार्टन आणि क्लेमोर हे शेजारचे दोन प्लॅटफॉर्म पायपरला जोडलेले होते. पायपर पेटल्याचं कळूनही त्यांनी पंपिंग लगेच बंद केलं नाही. उत्पादन थांबवणं ही मोठी गोष्ट, वरून हो आल्याशिवाय कोण करणार? लॉर्ड कलेन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला, १०६ शिफारशींसह. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या चालकाला आपलं काम सुरक्षित कसं आहे हे सरकारला आधी पटवून द्यावं लागतं, आणि त्यात कंत्राटदारांची कामंही येतात.

मग व्हेंडरला मार्क कशावर द्यायचे? सगळीकडे लाडका आकडा एलटीआय, म्हणजे ज्या इजेमुळे कामाचा दिवस बुडाला अशा इजा. शून्य असेल तर बोनस, बोर्डावर "इतके दिवस अपघातमुक्त". २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन रिगवर बीपी आणि ट्रान्सओशनचे साहेब आले होते. कौतुक करायला, की सात वर्षांत एकही एलटीआय नाही. त्याच रात्री स्फोट झाला, ११ माणसं गेली. एलटीआय मोजतो घसरून पडणं, बोट चेमटणं. विहिरीतल्या दाबाबद्दल तो आकडा काही सांगत नाही. आणि शून्यावर बोनस ठेवला की बोट चेमटलेला हेल्परही "तापामुळे रजेवर" जातो, हे साइटवर काम केलेला कोणीही सांगेल.

आम्ही शेवटी काय केलं? खर्चाचा रकाना त्या फॉर्ममधून काढला. तो हिशोब आता महिन्याच्या शेवटी, दुसऱ्या स्क्रीनवर, दुसरी माणसं करतात. व्हेंडरच्या मार्कांत "किती वेळा काम थांबवलं" हा आकडा आला, आणि तो शून्य असेल तर लाल दिसतो, हिरवा नाही. यावर भरपूर भांडणं झाली. आणि व्हेंडरच्या ओळीखाली माणसांची यादी सक्तीची केली, शेवटच्या मुकादमापर्यंत. तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य कंपनीने द्यायचा, अशी तरतूद होती. म्हणजे पगारापुरती का होईना, साखळीच्या वरच्या टोकाला जबाबदार धरायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. वादळात थांबलेल्या दिवसालाही ती लावा, एवढंच माझं म्हणणं.

तुमच्यापैकी कोणी आयटीआय, डिप्लोमा करून एखाद्या कंत्राटदारामार्फत साइटवर निघालं असेल, तर पहिल्या दिवशी हेल्मेट आणि बुटांचा साइज सांगून झाला की एक विचारा. मस्टर लिस्टमध्ये माझं नाव कुठे आहे, आणि त्या लिस्टची कॉपी बाहेर, किनाऱ्यावर, कोणाकडे आहे? उत्तर काय मिळालं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. कंपनीचं नाव नका सांगू. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन.